गवत निघेपर्यंत

सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर आज सकाळपासून गवत कापायचं काम चाललं आहे. पाठीला यंत्र अडकवलेले दोघे जण आहेत, कान किटवणारी घरघर आहे आणि बाल्कनीतल्या कपड्यांवर हिरवा-पिवळा भुसा येऊन बसतो आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंचं खिडकीतून ओरडून झालं. मी मात्र दार सताड उघडं ठेवून बसलो आहे. पावसाळा सरल्यावरचं हे चटके देणारं ऊन, ज्याला आपण सगळे 'ऑक्टोबर हीट' म्हणतो, आणि त्यात कापलेल्या गवताचा तो अर्धा ओला, अर्धा सुकलेला वास. लोक या वासानं शिंकतात. मला तो आला की हातातलं काम बाजूला ठेवून बसावंसं वाटतं.

घरात मी एकटाच आहे. सुनंदा, माझी बायको, पुण्याला लेकीकडे गेली आहे. जाताना तिनं डबे कुठे, विरजण कुठे, सगळं दोन-दोनदा सांगितलं, तरी माझा चहा रोज जास्तच होतो. एका माणसाचा चहा करणं मला कधी जमलं नाही. खरं तर सवय भरपूर आहे.

परवा तिसऱ्या मजल्यावरची ऋता आली होती. शिकलेली, तरतरीत मुलगी. सैन्याच्या दारूगोळा खात्यात तपासनिसाच्या जागेसाठी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं आहे, आणि सोसायटीत कुणीतरी तिला सांगितलं की चौथ्या मजल्यावरचे काका जन्मभर त्याच कामात होते. "काका, एक्झॅक्टली काय एक्स्पेक्ट करायचं?" सोफ्यावर बसता बसताच तिनं विचारलं. मी सांगत गेलो. कपडे सुती. बुटाला खिळा नको. काडेपेटी फाटकावर जमा करायची. अवजारं पितळेची, कारण लोखंडाची ठिणगी उडते. आभाळात गडगडलं की काम तिथल्या तिथे बंद. आणि कोठारात एकट्यानं कधीही जायचं नाही, कायम दोघं. ती मोबाइलमध्ये भराभर टिपून घेत होती. "आणि रिस्क?" तिनं विचारलं. म्हटलं, "नियम पाळलेस तर भरधाव गाड्यांचा पामबीच रोड ओलांडण्यापेक्षा कमी." ती खूश होऊन गेली. तिनं जे विचारलं त्याचं उत्तर मी बरोबर दिलं होतं, आणि तरीही दार लावून घेताना वाटलं, काही म्हणजे काही सांगितलं नाही तिला.

एकट्यानं राहायला जिथे सक्त मनाई, अशा जागी मी उमेदीची सगळी वर्षं एकटा होतो. हे मुलाखतीला जाणाऱ्या पोरीला कसं सांगणार?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा डेपो उरणच्या बाजूला, डोंगराच्या आडोशाला होता. मला वर्दी नव्हती, पण काम वर्दीवाल्यांचंच. बंद पेट्या उघडायच्या, आतला माल तपासायचा, कुठे गंज चढलाय का, कुठे शिवण सुटलीय का ते बघायचं, शिक्का मारून पेटी पुन्हा बंद करायची. जुना दारूगोळा कधी कधी घाम सोडतो. आमच्यात तसंच म्हणतात. चिकट थेंब दिसला की पेटी बाजूला, श्वास सावकाश, आवाज नाही. तिथे कुणी कुणाला घाई करत नसे आणि कुणी कुणाची चेष्टाही करत नसे. आत असलेली दोन माणसं दिवसभर हाताच्या अंतरावर असायची, पण कामापलीकडचा शब्द निघायचा नाही.

राहायला मी नेरूळमध्ये, सारसोळे गावात होतो. डेपोच्या वसाहतीत घर मिळेना, म्हणून जानकीमावशींच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली होती. मावशी कोळीण, आवाज खणखणीत, अंगणात कायम जवळा, म्हणजे बारीक सुकट, वाळत पडलेला. गावाच्या पलीकडे नवं नेरूळ उभं राहत होतं. रुंद रस्ते होते, त्यावर माणसं नव्हती. इमारती होत्या, त्यांच्या खिडक्यांना पडदे नव्हते. संध्याकाळी मी उगाच तिकडे चक्कर मारायला जायचो आणि कुठल्या तरी बाल्कनीत वाळत घातलेलं लहान मुलाचं झबलं दिसलं की बरं वाटायचं. चला, कुणीतरी राहायला आलं. सुनंदा तेव्हा पहिलटकरीण, कऱ्हाडजवळ माहेरी होती.

आणि सुरू झाला गवताचा हंगाम. पावसाळ्यात कोठारांभोवती पुरुषभर उंच गवत माजतं. ते उभ्याउभ्या सुकलं तर एक ठिणगी पुरे. म्हणून नवरात्र संपलं की सगळ्या डेपोला एकच काम. गवत कापा, गोळा करा, गाड्या भरून बाहेर काढा. आत जाळायची तर सोयच नाही. जवळच्या जासई गावातून बायका विळे घेऊन यायच्या. बाहेरून त्या गाणी म्हणत, एकमेकींना कोपरखळ्या मारत यायच्या आणि फाटकातून आत पाऊल पडलं की आपोआप गप्प व्हायच्या. कुणी त्यांना सांगितलेलं नसे. दिवसभर फक्त विळ्यांची सपसप ऐकू यायची. फाटकावर फळा लागायचा : गवत निघेपर्यंत रजा बंद. त्या वर्षीही लागला, आणि नेमकी त्याच आठवड्यात कऱ्हाडहून तार आली. मुलगी झाली.

मी ती तार जानकीमावशींना वाचून दाखवली. त्या जवळा पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "लेक झायली? लक्षुमी आली रं घरान! मंग तू हितं काय करतंस?"

"रजा बंद आहे मावशी. गवत निघेपर्यंत."

"गवत?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पोरीपरीस गवत मोठं हाय?"

उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर होतं, पण ते बाहेर बोलायचं नव्हतं. आमच्या कामाची ही दुसरी रीत. आतलं आत ठेवायचं. पहिल्यांदा तुम्ही कोठारांबद्दल गप्प राहता, मग त्या दिवशी काय झालं त्याबद्दल, मग तुम्हाला काय वाटलं त्याबद्दलही. जीभ एकदा आखडली की सोयीप्रमाणे सैल होत नाही.

दाऊदभाई नसते तर मला बारशालाही जाता आलं नसतं. ते माझे जोडीदार, म्हणजे कोठारात माझ्याबरोबरचा दुसरा माणूस. उरणकडच्या जुन्या मुसलमान कुटुंबातले, माझ्याहून बरेच मोठे, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांनी साहेबांकडे रदबदली करून मला बारशापुरती सुटी मिळवून दिली आणि माझ्या वाटणीचं काम स्वतःकडे घेतलं. "जा रे बाबा, पोरीचं तोंड बघून ये," ते म्हणाले. "गवत काय, पुढच्या वर्षी परत उगवतंय."

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. कोरड्या हवेत माणसाच्या अंगात वीज साठते. नायलॉनचा स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच. एरवी तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण उघड्या दारूजवळ तेवढीशी ठिणगीही चालत नाही. म्हणून कोठाराच्या दारात तांब्याची पट्टी असते, जमिनीत पुरलेली. तिच्यावर उघडा तळहात टेकवायचा, अंगातली वीज मातीत सोडून द्यायची, मगच आत पाऊल. एखादी नाजूक वस्तू हातात घेण्याआधी पुन्हा तेच. दिवसातून कितीदा, ते मोजायचं नसतं. हातच ते करतो. आपण वेगळाच विचार करत असतो.

बारशाला मी सासऱ्यांनी आहेरात दिलेला टेरिकॉटचा शर्ट घालून गेलो. आत बनियन नायलॉनची. एसटीत रात्रभर घासून अंग नुसतं चरचरत होतं. घर माणसांनी भरलेलं. पाळणा सजवलेला, घुगऱ्यांचा वास, बायकांचा गलका. मी उंबऱ्याशी आलो आणि सासूबाईंनी हसत, कौतुकानं, दुपट्यात गुंडाळलेलं ते एवढंसं बाळ माझ्यापुढे धरलं. "घ्या. अगदी तुमच्यावर गेलीय."

मी हात मागे घेतले.

दोन्ही हात पाठीशी, आणि नजर भिंतीवर, दाराच्या चौकटीवर, इकडेतिकडे. पट्टी शोधत होती ती नजर. तिथे पट्टी कुठली असणार! मागल्या अंगणात हातपंप असल्याचं मला आठवलं. त्याचा लोखंडी पाइप जमिनीत खोल गेलेला. मी एक शब्द न बोलता माणसांतून वाट काढत तिकडे गेलो, पंपाला घट्ट हात लावला, जरा थांबलो आणि परत आलो. फार वेळ लागला नाही. पण परत आलो तेव्हा घरातला गलका बंद झाला होता. बाळ कुणा मावशीच्या हातात होतं. सासूबाई पदरानं उगाच समई पुसत होत्या. कोपऱ्यातून एक बाई पुरेशा मोठ्यानं पुटपुटली, "मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलंन बघा." माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, माझ्याकडे बघत होते आणि मी नजर दिली तशी त्यांनी ती काढून घेतली. सुनंदा पाळण्याची दोरी धरून खाली मान घालून बसली होती.

तिथल्या तिथे सांगून टाकायला काय झालं होतं, असं आज कुणीही म्हणेल. काय सांगणार होतो? की तुमच्या नातीला घेण्याआधी मला जमिनीला हात लावायचा होता? शब्द जुळवेपर्यंत कार्यक्रम पुढे सरकला. नाव ठेवलं, मुक्ता. घुगऱ्या वाटल्या. बाळ या हातातून त्या हातात फिरत राहिलं आणि माझ्यापर्यंत आलंच नाही. मीही मागितलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो तेव्हा आबा फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "तब्येतीला जपा." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दाऊदभाईंना मी हे जेवणाच्या सुटीत सांगितलं, कोठारापासून लांब, चिंचेखाली. आधी ते हसले. म्हणाले, "घरी गेलो की माझी बायको रोज म्हणते, आधी तुमच्या त्या नळाला सलाम करून या, मग चहा." मग माझं तोंड बघून गंभीर झाले. "सासऱ्याला इथं आणता येत नाय, हाच तर प्रॉब्लेम हाय. एकदा आणला असता ना, तर दारातच समजलं असतं त्याला." आणि मग बराच वेळ ते डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडत बसले.

पुढचे दिवस कसे गेले ते आठवतं, आणि नाहीही आठवत. सकाळी डेपोची बस जासईवरून जायची तेव्हा कंटेनरच्या नव्या यार्डांमध्ये लाल धूळ उडत असायची. खिडकीशी बसलेला मी मनात एकच वाक्य पुन्हापुन्हा जुळवत असायचो. परत येताना तेच वाक्य मोडलेलं असायचं. कोठारांभोवतीचं गवत कमी कमी होत चाललं होतं, डोंगर उघडा पडत होता. आत मी जास्तच सावध झालो. खोलीवर आलं की खाटेवर पडून हात वर धरून बघायचो. काय वाईट होतं या हातांत? त्यांच्यावर भरवसा ठेवून माणसं निश्चिंत झोपत होती. माझ्याच घरी मात्र या हातांबद्दल नको ते ठरलं होतं.

शेवटी एका रविवारी नेरूळ स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर गेलो. सुनंदाच्या माहेरी शेजाऱ्यांकडे फोन होता. तिला बोलावून आणेपर्यंत मी काचेवर बोटानं रेघा ओढत होतो.

"तिला हात का नाही लावलात?" तिनं पहिला प्रश्न हाच विचारला. कसे आहात नाही, जेवलात का नाही.

मी सांगितलं. अडखळत, आवाज दाबून, कारण बूथवाला कान टवकारून बसला होता. शर्ट सांगितला, पट्टी सांगितली, हातपंप सांगितला.

ती म्हणाली, "म्हणजे तिला चटका बसू नये म्हणून?"

"हो."

"आणि लग्नात माझा हात धरलात, तेव्हा कुठल्या नळाला हात लावून आला होतात?"

मला हसू आलं. तिलाही येत असावं, पण तिनं ते तिकडेच थांबवलं. "हे सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"सांगायचं नसतं आमच्यात."

"डेपोतलं सांगायचं नसेल. स्वतःचंसुद्धा नाही?" तिचा आवाज बारीक झाला. "आबा म्हणतात, मुलीला आणि नातीला तिकडे पाठवणार नाही. जिथे राहून माणसाचं असं होतं, तिथे कशाला? नोकरी बदलली तर बघू, म्हणतात."

"आणि तू काय म्हणतेस?"

पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवला. "बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

'बघते' हा शब्द किती दिवस पुरतो, ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. मला तो सगळी दिवाळी पुरला. नव्या नेरूळमधल्या मोजक्या घरांनी आकाशकंदील लावले होते. पोरं रस्त्यात फटाके उडवत होती. फटाका वाजला की मी मनात म्हणायचो, दारू ओलसर आहे. त्यापलीकडे दिवाळीशी माझा संबंध उरला नव्हता. मावशींनी करंज्या आणून ठेवल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "खा रं. बायको आली नाय म्हनून तोंडान काय घालायचंच नाय काय?" एक करंजी मी त्यांच्यादेखत खाल्ली. बाकीच्या कितीतरी दिवस तशाच होत्या. नोकरी सोडायचा विचार केला नाही असं नाही. दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो. पण दुसरं काय येत होतं मला? आणि खरं सांगायचं तर ते काम मला आवडायचं. पेटी नीट बंद झाली की जे वाटायचं ते दुसऱ्या कशानं वाटलेलं नाही. बायको, मुलगी एकीकडे आणि हे दुसरीकडे, असं तराजूत घालायची वेळ कुणावर येऊ नये.

ऋताला हे सांगायला हवं होतं का? की पोरी, धोका आत नसतो फारसा. तिथे सगळे जपतात. घरी येशील तेव्हा जप. आतली सावधगिरी तुझ्या मागोमाग बाहेर येईल, आणि ती सावधगिरी आहे हे बाहेरच्या कुणाला ओळखू येणार नाही. त्यांना तो गारठा वाटेल. आबांना वाटला. पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल." ते गेले तेव्हाही माझ्याबद्दलचं त्यांचं मत तेच होतं, याची मला खात्री आहे. त्यांच्या जागी मी असतो तर माझंही तेच असतं.

गवताची शेवटची गाडी फाटकाबाहेर गेली त्या दिवशी फळा पुसला गेला. आता रजा मागता येत होती, आणि मागून जायचं कुठे हे ठरत नव्हतं. बसमधून उतरलो, सारसोळ्याच्या वळणावरून चालत आलो. ऊन उतरलं होतं. अंगणात जवळ्याच्या चटया गुंडाळून ठेवलेल्या दिसल्या, आणि खोलीच्या दाराशी एक ओळखीची पत्र्याची ट्रंक. मावशी आतूनच ओरडल्या, "आला गं तुजा घरवाला!"

सुनंदा भावाबरोबर आली होती. भाऊ तिला सोडून चहासुद्धा न घेता परतला होता. आबांशी ती काय बोलली, ते तिनं मला तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही नाही. तिच्यातही काही गोष्टी आत ठेवायची रीत आहे. ती दारात आली. बारीक झाली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी अजून बूटही काढले नव्हते. अंगाला ग्रीसचा, मेणाचा, सगळ्या दिवसाचा वास. ती सरळ पुढे आली आणि मुक्ताला माझ्या हातांत ठेवलं. मला काही शोधायला वेळच दिला नाही तिनं.

पोर केवढीशी, पण ओळखीचा हात कुठला आणि परका कुठला, हे तिला पक्कं कळत होतं. तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि भोकाड पसरलं. मावशी म्हणाल्या, "दे रं तिच्या आयशीकं." सुनंदानं हात पुढे केले नाहीत. मी मुक्ताला खांद्याशी धरून त्या अंगणात फेऱ्या घालायला लागलो. जवळ्याच्या वासातून खाडीच्या बाजूला, तिकडून परत दारापर्यंत. येणारेजाणारे थांबून बघत होते. तिचं तोंड लाल झालं, आवाज बसला, माझा खांदा भिजला. ती रडायची थांबली नाही. मी तिला खाली ठेवलं नाही.